पट्टीवरची रेघ आणि माणसाची रोजी

दिग्रसच्या बाजारपेठेतून कापसाच्या गाठी, सरकी, तूर आणि सोयाबीन भरून गाड्या रोज बाहेर पडतात. त्या गाड्यांवरचे ड्रायव्हर आणि क्लीनर, त्या दुरुस्त करणारे मेकॅनिक, वेल्डर, टायरवाले यांत आपल्या समाजाची माणसे मोठ्या संख्येने आहेत. कित्येक घरांतील मुले मुंबई, पुणे किंवा आखाती देशांत याच हुन्नरावर पोट भरतात. म्हणून आज मी व्यापारी आणि कारागीर बंधूंपुढे एक असा विषय मांडणार आहे, ज्याचा हिशेब वहीखात्यात येत नाही, पण ज्यात माणसाची रोजी आणि इज्जत दोन्ही एका फटक्यात जाऊ शकतात. तो विषय म्हणजे कामाच्या जागी होणारी अमली पदार्थांची तपासणी आणि तिच्या निकालाचा न्याय.

प्रथम माझ्याच हातून झालेली चूक सांगतो. काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. माझ्याकडे नऊ वर्षांपासून एक ड्रायव्हर होता. नमाजी माणूस, बिडीसुद्धा ओढत नसे. रमजान ईद झाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तो माल घेऊन परजिल्ह्यातील एका मोठ्या कारखान्यावर गेला. दुपारी गेटवर सर्व ड्रायव्हरांची लघवी तपासली जात होती. प्लॅस्टिकची एक पट्टी लघवीत बुडवली, पाच मिनिटांनी सुपरवायझरने ती पाहिली आणि कागदावर लिहून दिले : अफूवर्गीय पदार्थ, पॉझिटिव्ह. गाडी दुसऱ्या ड्रायव्हरने रिकामी करून आणली. हा माझ्यापुढे उभा राहिला आणि एवढेच म्हणाला, "सेठ, तुम्ही मला नऊ वर्षे पाहता. मी असे काही करीन का?"

मी कागद पाहिला. कागदावर शिक्का होता. मी म्हणालो, "कंपनी खोटे कशाला लिहील? तू सध्या घरीच थांब."

ते 'सध्या' पुढे कधी संपलेच नाही. मोहल्ल्यात बोलबाला झाला. त्याच्या घरी मुलीच्या सोयरिकीचे बोलणे चालू होते, ते थांबले. दोन महिन्यांनी तो गाव सोडून दुसऱ्या शहरात गाडी चालवायला गेला. पुढे एका डॉक्टरांशी बोलता बोलता हा विषय निघाला. त्यांनी मला पहिलाच प्रश्न विचारला, "ईदच्या दिवशी त्याने काय खाल्ले होते?" मी म्हणालो, "जे सगळे खातात तेच. शीरखुर्मा आणि मटणाचा रस्सा." ते म्हणाले, "दोन्हींत खसखस होती का?" होती. आमच्या घरीही असते.

खसखस म्हणजे अफूच्याच झाडाचे बी. मध्य प्रदेशातील नीमच आणि मंदसौर भागात सरकारी परवान्याने अफूची शेती होते, त्याच बोंडातून खसखसही निघते. बियांत नशा नसते. पण बोंडाच्या चिकाचा अंश बियांना लागून राहतो, म्हणून खसखस खाल्लेल्या माणसाच्या लघवीत थोडे मॉर्फिन खरोखरच उतरू शकते. ते दिवस-दोन दिवस दिसू शकते. आपल्या 1985 च्या अमली पदार्थ कायद्याने अफूच्या बोंडांच्या व्याख्येतून बी स्पष्टपणे वगळले आहे, म्हणून वाण्याच्या दुकानात खसखस उघड विकली जाते. कायद्याने निर्दोष असलेली वस्तू पट्टीवर मात्र गुन्हेगार ठरू शकते.

माझ्या ड्रायव्हरच्या बाबतीत खसखसच कारण होती, असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. त्याचा नमुना त्याच दिवशी मोरीत ओतला गेला. दुसरी तपासणी झाली नाही, कोणा डॉक्टरने त्याला काही विचारले नाही. आता खरे काय ते कोणालाच कळणार नाही. माझ्या मनाला लागून राहिलेली गोष्ट हीच आहे. त्याचा निर्दोषपणा सिद्ध होण्याची वाट आम्ही सर्वांनी मिळून बंद केली, आणि त्या सर्वांत मी पहिला होतो.

पट्टी काय सांगते आणि काय सांगत नाही

ही पट्टी काही शे रुपयांना मिळते. तिच्यावर लावलेले रसायन ठरावीक घडणीच्या पदार्थाला ओळखते. पण त्याच्यासारखी घडण असलेला दुसरा पदार्थ आला तर ते फसू शकते. लेव्होफ्लॉक्सासिन, ओफ्लॉक्सासिन ही नेहमीची प्रतिजैविके आणि क्षयरोगावरील रिफाम्पिसिन यांमुळे काही पट्ट्यांवर अफूचा खोटा निकाल येतो, हे वैद्यकीय साहित्यात नोंदलेले आहे. सर्दीच्या गोळ्यांतील स्युडोएफेड्रिन आणि पित्तावरची रॅनिटिडीन यांमुळे काही तपासण्यांत अँफेटामिनचा खोटा निकाल येतो. म्हणजे क्षयाचे औषध इमानाने घेणारा रोगी त्या औषधामुळेच गर्दुल्ला ठरू शकतो.

आणखी एक बाब फार थोड्यांना ठाऊक आहे. या पट्टीवर रेघ उमटली तर निकाल निर्दोष असतो आणि रेघ उमटली नाही तर संशय. इतर अनेक तपासण्यांच्या हे उलट आहे. फिकट रेघ उमटली तरी ती निर्दोषच धरायची असते. गेटवरचा न शिकवलेला माणूस फिकट रेघ पाहून 'थोडे आहे' असे लिहून मोकळा होतो.

म्हणून नियम असा आहे की पट्टी ही केवळ पहिली चाळणी. चाळणीत जे अडकले, त्याची प्रयोगशाळेत मोठ्या यंत्रावर, ज्याला मास स्पेक्ट्रोमेट्री म्हणतात, दुसरी तपासणी झाली पाहिजे. ते यंत्र पदार्थ नेमका ओळखते. रिफाम्पिसिनचा खोटेपणा तेथे उघडा पडतो.

पण यंत्रालाही एक मर्यादा आहे. लघवीत मॉर्फिन आहे, एवढे ते सांगेल. ते खसखशीतून आले, खोकल्याच्या औषधातून आले की नशेतून आले, हे ते नेहमीच सांगू शकत नाही. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असते आणि शरीरात गेल्यावर कोडीनचे काही मॉर्फिन बनते. डॉक्टरच्या चिठ्ठीने घेतलेले औषध असले तरी यंत्र मॉर्फिनच दाखवील आणि ते खरेच दाखवील. येथे यंत्राचे काम संपते आणि माणसाचे सुरू होते. कोणीतरी जाणत्या डॉक्टरने त्या कामगाराला समोर बसवून विचारले पाहिजे की, बाबा, तू काय खाल्लेस, कोणते औषध घेतलेस, चिठ्ठी दाखव.

अमेरिकेची व्यवस्था

अमेरिकेत हे काम करणाऱ्या डॉक्टरला मेडिकल रिव्ह्यू ऑफिसर, म्हणजे निकालाची फेरतपासणी करणारा वैद्यकीय अधिकारी, असे नाव आहे. तेथे 1986 मध्ये अध्यक्ष रेगन यांच्या आदेशाने सरकारी नोकरांची अशी तपासणी सुरू झाली. 1987 मध्ये मेरीलँड राज्यात रेल्वेचा भीषण अपघात झाला. त्यात 16 माणसे दगावली आणि इंजिनवरील कर्मचाऱ्यांनी गांजा ओढल्याचे निष्पन्न झाले. त्यानंतर 1991 च्या कायद्याने रेल्वे, ट्रक, बस व विमान यांवरील कामगारांना तपासणी सक्तीची झाली. म्हणजे तेथील कायदा कडक आहे, ढिला नाही. तरीही त्या कायद्याने कामगाराच्या बाजूने काही गोष्टी बांधून दिल्या आहेत आणि त्या आपण लक्षपूर्वक पाहण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट, नमुना कामगारासमोर दोन बाटल्यांत विभागून सील केला जातो आणि सीलवर त्याची सही घेतात. दुसरी, प्रयोगशाळेचा निकाल मालकाकडे जात नाही, आधी त्या डॉक्टरकडे जातो. डॉक्टर कामगाराशी खाजगीत बोलतो. कामगाराने औषधाची चिठ्ठी दाखवली तर तो औषधाच्या दुकानात किंवा चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरकडे खात्री करतो आणि खरी ठरल्यास मालकाला 'निर्दोष' असेच कळवतो. तिसरी, दोषी ठरल्यावरही कामगाराला 72 तासांच्या आत दुसरी बाटली वेगळ्या प्रयोगशाळेत तपासून घेण्याचा हक्क असतो. चौथी, डॉक्टरचा निर्णय येईपर्यंत विशेष परवानगीशिवाय मालकाने केवळ प्रयोगशाळेच्या कागदावरून माणसाला कामावरून बाजूला करायचे नाही.

खसखशीचा प्रश्न त्यांनाही भेडसावला, कारण तेथे पावावर खसखस लावण्याची रीत आहे. त्यामुळे 1998 मध्ये त्यांनी अफूवर्गीय पदार्थांची मर्यादा एका मिलिलिटरमागे 300 नॅनोग्रॅमवरून 2000 वर नेली. आपल्या बाजारात मिळणाऱ्या अनेक पट्ट्या अजूनही 300 च्याच आहेत. 2000 च्या वर गेले तरी 15,000 पर्यंत मॉर्फिन किंवा कोडीन आढळले, तर नशेची आणखी काही खूण सापडल्याशिवाय डॉक्टर त्या माणसाला दोषी ठरवत नाही. हेरॉइन घेतलेल्या माणसाच्या लघवीत एक वेगळा पदार्थ सापडू शकतो, जो खसखशीतून कधीच येत नाही. तो सापडला तर मात्र खसखशीची सबब चालत नाही. असा हा दोन्ही बाजूंनी विचार केलेला न्याय आहे. एवढे असूनही फेब्रुवारी 2023 मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याला आपल्या सैनिकांना खसखस टाळा, असा इशारा द्यावा लागला. जेथे एवढी यंत्रणा आहे तेथे ही काळजी, तर आपल्या गेटवरच्या पट्टीचे काय सांगावे?

आपल्याकडे काय आहे

आपल्या देशात विमान वाहतुकीत ही व्यवस्था आली आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम 31 जानेवारी 2022 पासून लागू झाले. वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक यांच्यापैकी दर वर्षी किमान 10 टक्के लोकांची अचानक तपासणी होते. पहिल्या चाळणीत संशय आला तर माणसाला कामावरून बाजूला ठेवतात, पण शिक्षेपूर्वी दुसरी, पक्की तपासणी होते. म्हणजे आकाशात गाडी चालवणाऱ्याला दुसऱ्या तपासणीचा हक्क मिळाला. रस्त्यावर गाडी चालवणाऱ्याला तो कोणी दिलेला नाही. कामाच्या जागी होणाऱ्या अशा तपासणीसाठी सर्व खाजगी मालकांना लागू असा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. मोटार वाहन कायदा 1988 च्या 185 व्या कलमाने नशेत गाडी चालवणे गुन्हा ठरवले आहे, पण तो पोलिसांचा विषय झाला. गेटवरच्या सुपरवायझरने काय करावे आणि काय करू नये, हे त्यात नाही.

नमुना जपण्याचे महत्त्व किती, हे महाराष्ट्राने मे 2024 मध्ये पाहिले. पुण्यातील कल्याणीनगरात मोटारीच्या धडकेत दोघांचा जीव गेला. त्यानंतर आरोपी मुलाच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयातील डॉक्टरांना अटक झाली. त्या खटल्याचा निकाल न्यायालय देईल. आपण एवढाच बोध घ्यायचा की, सील आणि सहीशिवायचा नमुना कोणालाही वाचवू शकतो आणि कोणालाही बुडवू शकतो. श्रीमंताला तो वाचवतो अशी शंका लोकांना येते. गरिबाला तो बुडवतो, याची बातमी होत नाही.

आखातात जाणाऱ्यांनी हे जरूर वाचावे

आखातात जाणाऱ्या आपल्या मुलांसाठी हा विषय नोकरीपुरताच नाही, तुरुंगाचा आहे. संयुक्त अरब अमिरात, सौदी अरेबिया आणि तसेच सिंगापूर येथे खसखस नेण्यास बंदी आहे. आई प्रेमाने मसाल्याच्या पुड्यांत खसखशीची पुडी ठेवते आणि मुलगा विमानतळावर अडकतो. ट्रामाडॉल ही कंबरदुखीवर दिली जाणारी गोळी आपल्याकडेही एप्रिल 2018 पासून अमली पदार्थ कायद्याखाली आली आहे. ती, कोडीनचे खोकल्याचे औषध आणि झोपेच्या काही गोळ्या तेथे नियंत्रित औषधे आहेत. अशा औषधाची खरोखर गरज असेल तर डॉक्टरची चिठ्ठी बरोबर हवी. अमिरातीसाठी तेथील सरकारची आगाऊ परवानगीही घ्यावी लागते.

दुसरी बाब युनानी आणि आयुर्वेदिक औषधांची. आपल्याकडे हकीमसाहेबांच्या औषधावर लोकांचा विश्वास आहे आणि तो असावाही. पण बरशाशा या जुन्या युनानी औषधाच्या मूळ कृतीत अफू आहे, माजून फलकसैरमध्ये भांग आहे आणि आयुर्वेदातील कामिनी विद्रावण रसातही अफू आहे. खाणाऱ्याला हे ठाऊक नसते. तो औषध समजून घेतो आणि तपासणीत अडकतो. हकीम असोत वा वैद्य, औषध घेताना यात अफू किंवा भांग आहे का, असे स्पष्ट विचारावे. विचारण्यात बेअदबी नाही.

मालक बंधूंना चार शब्द

कोणी म्हणेल, तुम्ही नशेबाजांची वकिली करता. तसे नाही. रस्त्यावर नशेचा ड्रायव्हर म्हणजे चालते-फिरते मरण. जागरणासाठी गोळ्या घेणारे, डोडा खाणारे ड्रायव्हर आहेत, हे आपण सर्व जाणतो. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या पाहणीत, जिचा अहवाल 2019 मध्ये आला, देशात सुमारे सव्वादोन कोटी लोक अफूवर्गीय पदार्थ घेतात असे दिसले. तपासणी व्हावी आणि ती कडक व्हावी. माझे म्हणणे एवढेच आहे की कडक तपासणी आणि अर्धवट तपासणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अर्धवट तपासणीत निर्दोष माणूस जातो आणि पट्टी चुकवण्याची युक्ती जाणणारा खरा नशेबाज सुटतो. मालकाचे नुकसान दोन्हीकडून.

आपण छोटे मालक. आपल्याला वैद्यकीय अधिकारी नेमणे परवडणार नाही, हे खरे. पण काही गोष्टींना पैसा लागत नाही. पट्टीचा निकाल संशयाचा आला तर त्या दिवशी गाडी देऊ नये, पण काढूनही टाकू नये. पक्की तपासणी होईपर्यंत त्याचा भत्ता चालू ठेवावा. नमुना ओतू न देता त्याच्यासमोर दोन बाटल्यांत सील करावा, सही घ्यावी आणि यवतमाळ, नागपूर किंवा जेथे सोय असेल तेथील प्रयोगशाळेकडे पाठवण्याची व्यवस्था करावी. ती सोय कोणाकडे आहे, हे आपल्या ओळखीच्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. वेळ आल्यावर शोधाशोध करण्यात नमुना खराब होतो. निकाल आल्यावर तो घेऊन ड्रायव्हरसह त्या डॉक्टरांपुढे बसावे. आणि या सर्व काळात तोंड बंद ठेवावे. चहाच्या टपरीवर निघालेला एक शब्द परत घेता येत नाही. आपल्या समाजात नशेची तोहमत चोरीच्या तोहमतीहून हलकी नाही. ऐकीव बातमीची खात्री करूनच पाऊल टाकावे, ही शिकवण आपल्याला नवी नाही. मी ती त्या दिवशी विसरलो.

कंपन्यांशी वाहतुकीचा करार करतानाही गाडीमालकांनी एकत्र येऊन एक कलम मागावे की, गेटवरच्या पट्टीचा निकाल अंतिम धरला जाणार नाही. एकट्यादुकट्याचे कंपनी ऐकणार नाही. दहा मालकांचे ऐकेल.

ड्रायव्हर आणि कारागीर बंधूंनीही आपली बाजू राखावी. कोणतेही औषध घेतले तर चिठ्ठी आणि दुकानाची पावती खिशात ठेवावी, निदान मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. तपासणीपूर्वी घेतलेल्या औषधांची नावे कागदावर लिहून द्यावीत. तपासणी ठाऊक असेल तर आधीचे तीन दिवस खसखस टाळावी. निकाल विरुद्ध गेला तर भांडू नये, पळून जाऊ नये. शांतपणे दुसरी तपासणी मागावी आणि ती लेखी मागावी. मात्र हेही ध्यानात ठेवावे की चिठ्ठी म्हणजे गाडी चालवण्याचा परवाना नव्हे. झोप आणणारे औषध डॉक्टरने दिले असले तरी ते घेऊन चाक हाती धरू नये.

आणि दुसरी तपासणीही विरुद्ध गेली, माणूस खरोखरच नशेत अडकलेला निघाला, तर? तरीही रस्ता संपत नाही. नशा करणाऱ्याने स्वतःहून उपचार पत्करले तर अमली पदार्थ कायद्याच्या 64-अ कलमाने त्याला खटल्यातून सवलत मिळण्याची तरतूद आहे. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारचा 14446 हा मोफत दूरध्वनी आहे. मालकाने चाक काढून घ्यावे, पण माणसाला हमालीचे किंवा गोदामातले काम देऊन उपचारांना लावावे. घर बसले की नशा वाढते, हे कोणालाही सांगायला नको.

मी माझ्या जुन्या ड्रायव्हरला पुढे फोन केला होता. माझी चूक झाली असे सांगितले, परत ये म्हणालो. तो नीट बोलला, घरच्यांची खुशाली विचारली आणि म्हणाला, "सेठ, आता इथे बस्तान बसले आहे." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला बरे वाटले असते.

त्यानंतर मी माझ्या प्रत्येक गाडीत एक छोटी वही ठेवली आहे. ड्रायव्हर त्यात घेतलेल्या औषधाचे नाव आणि तारीख लिहितो. खर्च दहा रुपयांचा आहे. ही वही मी नऊ वर्षे आधी ठेवायला हवी होती. आपण आजच ठेवावी, एवढीच व्यापारी बंधूंना विनंती.